टोकियोत गर्दीत जायचं कसं आणि मुख्य म्हणजे परत यायचं कसं

तुमचा प्रश्न असा आहे की जूनमध्ये तुम्ही पुण्याहून टोकियोतल्या निशी-कासाईला शिफ्ट होताय, बायको, चार वर्षांची मुलगी आणि तीन महिन्यांसाठी आई सोबत, आणि टोकियोतले फटाके, जत्रा, सुमो वगैरे बघायला कुटुंबासह जावं का, गर्दीत जमेल का आणि सुरुवात कुठून करावी. मी गेली पंधरा वर्षं याच भागात राहते आणि त्यातली निदान दहा तरी नवीन आलेल्या मराठी कुटुंबांना घेऊन हिंडण्यात गेली आहेत, म्हणजे दर उन्हाळ्यात दोन-चार घरं माझ्या शेपटीला असतातच, तेव्हा जे सांगतेय ते सगळं आधी तोंडावर आपटून शिकलेलं आहे.

आधी आमची फजिती सांगते. पहिल्याच वर्षी नवऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी म्हणालं सुमिदागावाचे, म्हणजे सुमिदा नदीवरचे, फटाके बघाच, जुलैचा शेवटचा शनिवार, वीस हजार फटाके, अठराव्या शतकापासूनची परंपरा. आम्ही म्हटलं चला, लक्ष्मी रोडला विसर्जन मिरवणुकीत रात्र काढलेली माणसं आपण, आपल्याला गर्दीचं काय सांगता. सहा वाजता असाकुसाला उतरलो, प्रॅममध्ये दीड वर्षाचा मुलगा, पिशवीत थालीपीठं. आणि मग कळलं की इथे गर्दी उभी राहत नाही, वाहते. पोलिसांनी दोऱ्या लावून रस्ते एकेरी केलेले, पुलावर थांबायचंच नाही, चालत राहा चालत राहा असं माईकवरून अखंड चालू. फटाके सुरू झाले तेव्हा आम्ही दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत होतो आणि आकाशाची एक वीतभर पट्टी दिसत होती, तिच्यात कधी अर्धं लाल फूल कधी पाव निळं फूल. मुलगा आवाजाने घाबरून रडला तो रडलाच. परतीला स्टेशनात शिरायला दीड तास लागला, आणि आत गेल्यावर माझ्या कार्डात पैसे नाहीत, रिचार्जच्या मशीनला परत अर्ध्या तासाची रांग. घरी आलो तेव्हा थालीपीठं तशीच.

त्या दिवसापासून माझा नियम एकच आहे, आधी परतीचा रस्ता ठरवायचा आणि मग जायचं का ते ठरवायचं. आपल्याकडे उलट असतं, जाताना जोरात आणि येताना बघू रिक्षा मिळेल. इथे शेवटची ट्रेन बारा-साडेबाराच्या आसपास गेली की टॅक्सीशिवाय गती नाही आणि टॅक्सीचं भाडं बघून डोळे पांढरे होतात. सुइका कार्डात, म्हणजे ट्रेनच्या प्रीपेड कार्डात, जातानाच परतीचे पैसे भरून ठेवायचे, हे तर मी नवीन माणसाला पत्ता विचारायच्या आधी सांगते.

पोलीस इतके काटेकोर का, तर त्याला कारण आहे. २१ जुलै २००१ ला कोबेजवळच्या आकाशी शहरात फटाके बघून परतणारी आणि बघायला जाणारी अशा दोन गर्द्या स्टेशनच्या पादचारी पुलावर समोरासमोर आल्या आणि चेंगराचेंगरीत ११ जण गेले, त्यात बहुतेक लहान मुलं. त्यानंतर पुलावर थांबू न देणं, जायचा आणि यायचा रस्ता वेगळा ठेवणं, स्टेशनच्या दारात माणसं टप्प्याटप्प्याने सोडणं, हे सगळं फार कडक झालं. त्यामुळे दोरी धरून उभा असलेला पोरगेलासा पोलीस तुम्हाला लांबच्या वळशाने जायला सांगेल तेव्हा वाद घालू नका, समोर स्टेशन दिसतंय आणि हा उलटीकडे का पाठवतोय असं वाटतंच, पण त्याचंच बरोबर असतं. आणि हे लोक ओरडत नाहीत हो. २०१३ साली जपान फुटबॉल वर्ल्डकपला क्वालिफाय झालं त्या रात्री शिबुयाच्या चौकात एका पोलिसाने गाडीवर उभं राहून माईकवरून पोरांशी इतक्या गमतीने बोलत गर्दी हलवली की लोक टाळ्या वाजवायला लागले, त्याचं नावच डीजे पोलीस पडलं. अप्पा बळवंत चौकातल्या शिट्टीची सवय असलेल्या माणसाला हे जरा पचायला वेळ लागतो.

आता तुमच्याबद्दल. सुमिदागावा पहिल्या वर्षी नको. आई आणि चार वर्षांची मुलगी घेऊन तर अजिबात नको. त्याच्या पुढच्याच आठवड्यात, ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, आपल्याच एदोगावा वॉर्डाचे फटाके असतात, एदो नदीच्या काठावर, पलीकडच्या तीरावर इचिकावा शहर आणि अलीकडे आपण, दोघं मिळून करतात. चौदा हजारांच्या आसपास फटाके, आणि सुरुवातच अशी करतात की पाच सेकंदांत एक हजार उडवतात, छातीत धडधडतं अक्षरशः. मुख्य फरक म्हणजे इथे नदीचा बांध आहे, गवताचा उतार, त्यावर चटई टाकून बसता येतं आणि समोर आख्खं आकाश मोकळं, इमारत नाही काही नाही. गर्दी इथेही लाखांत असते पण ती बसलेली गर्दी असते आणि बसलेल्या गर्दीत म्हातारी माणसं आणि पोरं दोघंही सुखात राहतात. पैसे भरून बसायच्या जागाही विकतात, आम्ही कधी घेतल्या नाहीत.

जायचं स्टेशन शिनोझाकी. आपल्या तोझाई मेट्रो लाईनने जायचं म्हणाल तर उलटं पार कुदानशितापर्यंत जाऊन लाईन बदलायची म्हणजे द्राविडी प्राणायाम, त्यापेक्षा निशी-कासाईहून बसने फुनाबोरीला जा आणि तिथून शिंजुकु लाईनवर तिसरं स्टेशन. दुपारी तीनपर्यंत पोचा. घरातला एक माणूस सकाळी जाऊन चटई टाकून आला तर फारच उत्तम, ही इथली रीतच आहे, हानामीला, म्हणजे चेरीची फुलं बघत झाडाखाली बसतात तेव्हा, ऑफिसातल्या सगळ्यात नवीन पोराला पहाटे निळी ताडपत्री देऊन जागा धरायला पाठवतात, आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच, फक्त इथे कुणी तो रुमाल उचलून बाहेर फेकत नाही. परतताना सगळं जग शिनोझाकीकडे धावतं, तुम्ही शेवटचे फटाके संपल्यावर चटईवरच अर्धा तास बसून राहा, डबा खा, मुलीला झोपवा, आणि मग एक स्टेशन मागे मिझुएकडे चालत निघा. आई थकणार असतील तर मात्र शेवटच्या दहा मिनिटांवर पाणी सोडून आधीच उठलेलं बरं. मी सासूबाईंना घेऊन दोन वेळा तसंच केलंय, चालता चालता मागे वळून बघायचं, तेही छान दिसतं.

पण खरं सांगू का, तुम्हाला सुरुवात फटाक्यांनीही करायची नाहीये. सुरुवात करायची तुमच्या बिल्डिंगजवळच्या नोटीस बोर्डाने. प्रत्येक मोहल्ल्याची एक समिती असते, चोकाई म्हणतात, रिटायर्ड आजी-आजोबाच चालवतात बहुतेक, आणि त्यांचे कागद त्या काचेच्या बोर्डात लागलेले असतात. जुलै सुरू झाला की तिथे कंदील आणि ढोलाचं चित्र असलेला एक कागद लागतो, ती बोन ओदोरी. फोन समोर धरला की भाषांतर होतं, तारीख वेळ बागेचं नाव एवढंच बघायचं. पितरांसाठीचा सण हा, म्हणजे आपल्या पितृपंधरवड्याचा लांबचा भाऊ, पण हे लोक पितरांना नाचून निरोप देतात. बागेच्या मध्यावर लाकडी मचाण, त्यावर मोठा ढोल, आणि भोवती फेर धरून सगळे नाचतात. तिकीट नाही, नाव नोंदवायचं नाही, कुणी विचारत नाही तुम्ही कोण. आतल्या वर्तुळात पांढऱ्या केसांच्या बायका अचूक नाचत असतात, त्यांच्याकडे बघत बाहेरच्या वर्तुळात आपण. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांचं एक लोकगीत असतंच असतं, त्यात फावड्याने खणायचं, खांद्यावर ओझं टाकायचं, हात कपाळाला लावून चंद्र बघायचा, मग गाडी ढकलायची, एवढंच, दोन फेऱ्यांत येतं. भोंडल्याचा फेर धरलेल्या बाईला तर एकाच फेरीत येतं. माझ्या सासूबाई नऊवारीत नाचल्या होत्या आणि त्या दिवसानंतर बाजारात अनोळखी आज्या त्यांना वाकून नमस्कार करायच्या.

इथे माझी एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. दुसऱ्या वर्षी मी हौसेने युकाता घेतला, सुती किमोनो तो, स्वतःच नेसले, आणि बागेत पोचले तर तिथली एक ऐंशीच्या घरातली बाई माझ्याकडे बघून जवळजवळ पळतच आली. काही बोलली नाही, हाताला धरून तंबूच्या मागे नेलं, कंबरेचा पट्टा सोडला, आणि युकाताच्या दोन बाजू उलट्या करून पुन्हा नेसवला. आधी उजवी बाजू अंगाला, तिच्यावर डावी, असं असतं. आपल्या बायकांच्या शर्टाची उजवी बाजू वर येते ना, त्या सवयीने मी उजवी वर घेतली होती. ती इथे फक्त प्रेताला घेतात. पितरांच्या सणात मी तशी नेसून उभी! तिने पट्ट्याची गाठ मागे घट्ट ओढली, पाठीवर एक थाप मारली आणि मला हाताला धरून फेरात नेऊन सोडलं. तिच्यामुळेच पुढे मला चोकाईच्या मीटिंगला बोलावणं आलं, आता दरवर्षी बटाटे उकडायचं काम माझ्याकडे आहे.

बटाट्यावरून आठवलं, शाकाहारी असाल तर स्टॉलवर काय खायचं. आख्खा उकडलेला बटाटा बटर लावून मिळतो, भाजलेलं मक्याचं कणीस मिळतं पण त्याला लिंबू-तिखट नाही, सोया सॉस लावतात, चांगलं लागतं. बर्फाचा गोळा मिळतो, चॉकलेट लावलेलं केळं मिळतं, मुलीची सोय झाली. नूडल्समध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, आणि ते गोल गोल आप्प्यांसारखे दिसतात त्यात ऑक्टोपस, आईंना आधीच सांगून ठेवा कारण दिसायला ते अगदी आपले आप्पे. अंड्यामाशांचं काटेकोर असेल तर डबाच न्या, बाहेर बसून डबा खाण्यात इथे कुणालाच कमीपणा वाटत नाही. कचरा मात्र घरी आणायचा, १९९५ च्या मेट्रोतल्या सरिन हल्ल्यानंतर रस्त्यांवरचे आणि स्टेशनांतले डबे काढत गेले आणि लोकांना आता सवयच झालीये, त्यामुळे दोन रिकाम्या पिशव्या पर्समध्ये पाहिजेतच.

त्सुकिजी होंगानजी या बौद्ध मंदिराची बोन ओदोरी एकदा आईंना दाखवा, जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला असते, तिथे आजूबाजूच्या मासळी बाजाराकडचे लोक स्टॉल लावतात म्हणून खाण्यासाठी नाव आहे तिचं, पण मी सांगतेय ते इमारतीसाठी. १९३४ ची आहे, इतो च्यूता नावाच्या आर्किटेक्टने प्राचीन भारतीय पद्धतीवर बांधली, आणि समोरून बघितलं की त्या मोठ्या कमानीत सरळ कार्ल्याचं नाहीतर अजिंठ्याचं चैत्यगृह दिसतं. खाली युकातातले लोक फेर धरून नाचतायत आणि वर कार्ल्याची कमान, मला दरवेळी तिथे जरा गलबलून येतं, का ते विचारू नका.

मिकोशी म्हणजे देवाची पालखी, तिचं प्रकरण वेगळं. असाकुसाची सान्जा मत्सुरी, म्हणजे तिथली जत्रा, मेच्या तिसऱ्या वीकेंडला असते म्हणजे यंदा तुमची हुकली, काही बिघडत नाही, तिथे बघणाऱ्यांचीच गर्दी जास्त. आपल्या तोझाई लाईनवर मोन्झेन-नाकाचोला तोमिओका हाचिमान देवळाची जत्रा ऑगस्टच्या मध्यावर असते, ती बघा. दर तीन वर्षांनी मोठी, २०२३ ला मोठी झाली म्हणजे हिशेबाने २०२६ ला, तेव्हा पन्नासच्या वर पालख्या एकामागोमाग निघतात आणि रस्त्यावरचे लोक बादल्यांनी, पाइपने, ट्रकमध्ये पाणी भरून ठेवून त्यांच्यावर पाणी मारतात. पस्तीस डिग्रीत भिजलेली माणसं वाश्शोई वाश्शोई करत पालखी उडवत चाललीयेत, आपली रंगपंचमी आणि वारी एकत्र केल्यासारखं. याच जत्रेला १८०७ साली एइताई पूल गर्दीने कोसळून शेकडो माणसं मेली होती, म्हणजे गर्दीची भीती या शहराला काही आजची नाही.

पालखी खांद्यावर घ्यायची असेल तर तिथे जाऊन मलाही द्या म्हणून चालत नाही, ती मोहल्ल्याची असते, त्यांचा कोट घातल्याशिवाय दांडीला हात लावू देत नाहीत. पण आपल्या छोट्या देवळाच्या जत्रेत माणसंच कमी पडतात, तरुण पोरं उरली नाहीत, त्यामुळे चोकाईत ओळख झाली की ते स्वतःहून विचारतात. माझा नवरा कोल्हापूरचा, छातीठोकपणे गेला. तो आहे सहा फूट आणि बाकीचे सगळे साडेपाच, त्यामुळे जिथे उभा राहील तिथे आख्खी दांडी त्याच्याच खांद्यावर, बाकीचे नुसते हात लावून वाश्शोई. संध्याकाळी खांद्यावर लिंबाएवढं टेंगूळ. ते टेंगूळ तो आठवडाभर ऑफिसात लोकांना शर्टाची कॉलर बाजूला करून दाखवत होता. तुम्ही उंच असाल तर टॉवेल जाड घ्या.

सप्टेंबरमध्ये सुमो. ऱ्योगोकुच्या कोकुगिकान या सुमोच्या स्टेडियममध्ये जानेवारी, मे आणि सप्टेंबर, पंधरा-पंधरा दिवस. सगळ्यांना ती खालची चौकोनी बैठक पाहिजे असते, चार जणांची म्हणून विकतात पण चार जपानी माणसांची, आणि तीही मांडी घालून बसणारी, बूट काढून. आईंचे गुडघे कसे आहेत मला माहीत नाही, माझं ऐका आणि वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या घ्या, स्वस्तही पडतात. तिकीट विक्री सुरू होते त्या दिवशीच काढा. सकाळपासून कुस्त्या असतात पण मोठे पैलवान दुपारी साडेतीन-चारनंतर, सहाला सगळं संपतं म्हणजे संपतंच, ऑफिस सुटल्यासारखं, त्यामुळे परतीची काळजी नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला टोकियोत याच्याइतका सोपा मोठा कार्यक्रम दुसरा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पैलवान आखाड्यात मीठ उधळतात, शुद्धीसाठी, ते बघून माझ्या सासूबाई म्हणाल्या दृष्ट काढतायत वाटतं, आणि मला अजूनही याहून चांगला खुलासा सापडलेला नाही. गणपतीही याच सुमारास येतात, इथल्या मराठी मंडळाचा असतो, लेझीम असते, मोदक असतात, त्याबद्दल तुम्हाला दहा जण सांगतील म्हणून मी सांगत नाही. फक्त पहिल्या वर्षी प्रत्येक वीकेंड मंडळातच घालवू नका, तिथली माणसं कुठे पळून जात नाहीत.

काही गोष्टी झटपट. हॅलोविनला शिबुयात जाऊ नका, वॉर्डच नको म्हणून सांगतो आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून तर संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर दारू प्यायला वर्षभर बंदी आहे. नववर्षाला मेइजी देवळात पहिल्या तीन दिवसांत तीसेक लाख लोक येतात, तुम्ही कोपऱ्यावरच्या छोट्या बुद्ध मंदिरात जा, मध्यरात्री १०८ वेळा घंटा वाजवतात आणि लहान देवळात ती तुम्हालाही वाजवू देतात बऱ्याचदा, आमच्या मुलाने चार वर्षं वाजवली. २ आणि ३ जानेवारीला हाकोने एकिदेन म्हणून कॉलेजच्या मुलांची रिले शर्यत असते, टोकियोतल्या ओतेमाचीहून निघून हाकोनेला आणि परत, फुकट बघता येते, कागदी झेंडे मिळतात, मुलगा धावत समोरून जातो तो पाचच सेकंद दिसतो पण लोक त्यासाठी दोन तास थंडीत उभे असतात.

हानामीला अजून वेळ आहे पण सांगून ठेवते, कारण मार्च-एप्रिलमध्ये विचारायला उशीर झालेला असतो. यासुकुनी देवळातल्या एका ठरावीक झाडावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं जाहीर करतं टोकियोत फुलं आली म्हणून, आणि मग आठवड्याभरात सगळं भरात येतं, त्यातला एकच वीकेंड तुमच्या हातात असतो, त्यातही पाऊस पडला की संपलं. उएनो पार्कला जायचा मोह आवरा. हिगाशी-ओजिमाला उतरून आराकावा नदीकाठी कोमात्सुगावाचे हजारभर चेरी आहेत, आपल्या घरांपासून जवळ, गवतावर ऐसपैस बसता येतं. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे बागेत गवतावर पाय ठेवला की वॉचमन शिट्टी मारतो, आणि ती बाग तर इथल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरूनच केलेली, त्यामुळे पुण्याहून आलेल्या लोकांना जपानी बाग म्हणजे लांबून बघायची असं वाटतं आणि ते बिचारे पहिल्या वेळी ताडपत्रीच्या कडेला अवघडून उभे राहतात. बसा खुशाल. चपला काढून, ताडपत्रीच्या बाहेर, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवायच्या.

आणि हो, मुलगी हरवण्याची भीती तुम्ही लिहिलीये. आमचा मुलगा सहा वर्षांचा असताना एका जत्रेत वीस मिनिटं सापडत नव्हता, माझे हातपाय गळाले. तो समितीच्या तंबूत एका आजोबांच्या शेजारी खुर्चीवर बसून बर्फाचा गोळा खात होता, लाऊडस्पीकरवर त्याचं नाव पुकारत होते पण इतक्या जपानी उच्चारात की मी तीनदा ऐकूनही मला कळलं नाही की हे आपलंच पोर. तेव्हा मुलीच्या गळ्यात एक कार्ड अडकवा, त्यावर तुमचा फोन आणि तिचं नाव जपानी काताकाना लिपीत लिहा, आणि ते नाव शेजारच्या जपानी बाईकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या, म्हणजे कानाला ओळख होईल.